बाजाराची पावती आणि बायांची मुतारी

नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि आपली रोजची कामं यांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना मी या सदरात उत्तरं देतो. पश्चिम विदर्भातल्या एका नगरपरिषदेत मी ३३ वर्षं स्वच्छता निरीक्षक होतो. आता गावी तूर-कपाशी पाहतो. या महिन्याची तीन पत्रं एकाच दुखण्याची आहेत, म्हणून तीच घेतली. घरकुल आणि घरपट्टीची पत्रं पुढच्या अंकात.

प्रश्न : भाऊ, माझं गाव तालुक्यापासून ११ किलोमीटर. दर सोमवारी बाजारात वांगी, मेथी, सांभार घेऊन बसते. सकाळी ६ च्या एस्टीनं निघते, घरी यायला सांजचे ७ वाजतात. गुजरीच्या कोपऱ्यावर बायांची मुतारी होती, ती पाडून तिथं गाळे बांधले. मागं नाल्याकडं बाभळीचा आडोसा होता, तिथंही आता भिंत आली. म्हणून बाजाराच्या दिवशी मी पाणीच पीत नाही. दोनदा लघवीची जळजळ होऊन ताप आला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर पीत जा. आम्ही चार बाया नगरपरिषदेत गेलो, तर बाबू म्हणाला, "तुम्ही या गावच्या आहात का?" घरी सरकारी संडास आहे, पण दिवसभर मी घरी असते कुठं? आम्ही कोणाले सांगावं? (मुलीकडून लिहून घेतलं.)
— एक भाजीवाली, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, "तुम्ही या गावच्या आहात का?" हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. नोकरीत असताना हेच वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं, आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं तेव्हा गप्प राहिलो.

वॉर्डात नाली तुंबली की नगरसेवकाचा रात्री ९ ला फोन यायचा, कारण नालीकाठचा माणूस त्याचा मतदार. चौकातल्या मुतारीसाठी असा फोन मला एकदाही आला नाही. ती वापरणारं कोण असतं? बाजारात बसलेली बाई, पीककर्जाचे कागद घेऊन बँकेत आलेला शेतकरी, सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी तहसीलीत ताटकळलेला म्हातारा, कोर्टाच्या तारखेला आलेलं कुटुंब, कापसाच्या गाडीवर रात्र काढलेला पोरगा. ही सगळी खेड्यावरची माणसं. त्यांची मतं त्यांच्या त्यांच्या ग्रामपंचायतीत. गावातल्या दुकानदाराचं घर पाच मिनिटांवर असतं, त्याला मुतारीचा फक्त वास येतो. म्हणून मुतारी पाडताना कोणाचं एक मतही जात नाही, आणि तुमच्यासारख्या शेकडो बायांचं पाणी तुटतं.

मुतारी कशी जाते, ते मी पाहिलं आहे. एका दिवसात जात नाही.

१९८४ मध्ये मी लागलो तेव्हा आमच्या गुजरीजवळ दगडी भिंतीची, कवेलूची मुतारी होती. पुरुषांना सहा जागा, बायांना तीन. शेजारी पाण्याचं टाकं आणि त्याला नळ. तिथं एक जोडपं कामाला होतं, दोघंही कायम नोकरीत. पहाटे ५ ला, दुपारी २ ला आणि बाजार उठल्यावर, अशी तीनदा धुलाई व्हायची. बायांच्या बाजूला ती बाई स्वतः बसून राहायची. भाजीवाल्या तिच्याजवळ टोपली आणि पैशाची थैली ठेवून आत जायच्या. टोपली सांभाळणारं कोणी नसेल तर बाजारकरी बाई आत जाऊच शकत नाही, हे मला कोणत्या प्रशिक्षणात नाही, तिच्याकडून कळलं.

दोघं निवृत्त झाले. सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे मुलाला वारसा हक्कानं नोकरी लागली, पण त्यानं मुतारीचं काम नको म्हटलं, रस्ता झाडायचं मागितलं. त्याला मी बोल लावणार नाही. त्याच्या आजीनं टोपलीचे संडास डोक्यावरून वाहिले होते. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला, तो अशाच घरांसाठी. पोराला त्या वासातून बाहेर पडायचं होतं. आमचं काम होतं की पाण्याचा जोर, लांब दांड्याचे ब्रश, गमबूट, हातमोजे आणि बरा पगार देऊन ते काम कोणीही करेल असं करायचं. त्याऐवजी नगरपरिषदेनं ती दोन पदं भरलीच नाहीत.

मग ठेकेदार आला. त्याचा एक माणूस चार मुताऱ्यांना, तोही आठवड्यातून दोनदा. नळाची तोटी चोरीला गेली. उन्हाळ्यात दोन दिवसांआड पाणी सुरू झालं तेव्हा सगळ्यात आधी मुतारीचं कनेक्शन तोडलं. बायांच्या दाराची कडी तुटली. कडी ७५ रुपयांची. मी तीनदा मागणी नोंदवली, तीनदा ती कुठल्या तरी टेबलावर राहिली. कडी नाही म्हणून बाया जाईनात, बाया जात नाहीत म्हणून कुलूप लागलं, आणि पुढे त्या तीन जागांत ब्लीचिंग पावडरची पोती आणि खराटे ठेवायला लागले. पुरुषांची बाजू बिनपाण्याची चालू राहिली. वास चौकात पसरला. दुकानदारांचं ४० सह्यांचं निवेदन आलं आणि माझ्याकडून अहवाल मागितला.

मी लिहिलं : "सदर मुतारी जीर्ण झाली असून नागरिकांच्या आरोग्यास अपायकारक आहे. पर्यायी जागेवर नवीन बांधकाम प्रस्तावित करून सदर बांधकाम निष्कासित करण्यास हरकत नाही." खाली माझी सही. २०१० च्या मार्चमध्ये ती पाडली. तिथं गाळे झाले, त्यांचा लिलाव झाला. पर्यायी जागेची फाईल मी निवृत्त होईपर्यंत कोणी उघडली नाही. मी उघडायला लावायला हवी होती, ताई. त्या सहीची खंत आहे, आणि तुमच्या पत्राला म्हणूनच एवढं लांब उत्तर देतोय.

तुम्ही घरच्या संडासाचं लिहिलंत ते अगदी बरोबर आहे. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत सुरू झालं, घरोघरी संडासाला १२,००० रुपये मिळाले. माझ्या गावातल्या बायांचं गोदरीला जायला अंधाराची वाट पाहणं त्यामुळे सुटलं. हे मोठं काम झालं. पण शेतकऱ्याच्या बाईचा दिवस घरात जात नाही. १७ मार्च २०२३ पासून एस्टीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या गाडीत बायाच जास्त दिसतात. पोरीला कॉलेजात सोडायला, बँकेत केवायसीला, दवाखान्यात, बाजारात. त्या ज्या गावात उतरतात तिथं आडोसा मात्र कमी होत गेला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बाजारात बसता तेव्हा एक माणूस येऊन पावती फाडतो ना? बाजाराचा हर्रास, म्हणजे वसुलीचा लिलाव, नगरपरिषद करते. ज्यानं हर्रास घेतला त्याचा तो माणूस, आणि तुमच्या पैशाच्या जिवावरच त्यानं नगरपरिषदेत रक्कम भरलेली असते. पावती २० रुपयांची धरली तर वर्षाच्या ५२ बाजारांचे एका बाईचे १,०४० रुपये होतात. ६० बाया बसत असतील तर ६२,४०० रुपये. त्या बाबूला हेच सांगा : आम्ही या गावच्या नाही, पण या गावाच्या बाजाराचे पैसे आम्ही भरतो. आजपासून एकही पावती फेकू नका. मुलीला म्हणावं, तारखेवार एका वहीत चिकटव.

दुसरं, मुतारी देणं ही नगरपरिषदेची मेहरबानी नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. रस्ते, नाल्या, बाजार यांच्याच रांगेत सार्वजनिक संडास आणि मुताऱ्या बांधणं व चालू ठेवणं तिथं लिहिलेलं आहे. बांधणं आणि चालू ठेवणं, दोन्ही. अर्जात हे कलम ठळक लिहा, मुख्याधिकारी ते ओळखतात.

या मागणीत तुम्ही एकट्याही नाही. मुंबईत २०११ पासून बायांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, म्हणून चळवळ चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायांकडून पैसे का, हा त्यांचा पहिला सवाल होता. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या मंडळींनी हा विषय मुंबई उच्च न्यायालयात नेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं राज्यातल्या महानगरपालिकांना कामानिमित्त घराबाहेर असलेल्या बायांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याचे आदेश दिले. तो आदेश महानगरपालिकांसाठी होता. पण यवतमाळ जिल्ह्यातली बाई पुण्यातल्या बाईपेक्षा कमी वेळ घराबाहेर असते, असं कोणी म्हणू शकणार नाही. १५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानंही देशातल्या प्रत्येक कोर्टाच्या आवारात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं सांगितलं. तुमच्या तालुक्याच्या कोर्टातही ते लागू आहे.

करायचं असं. आधी चौघींच्या सह्या-अंगठ्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय घरी यायचं नाही. मग मुलीच्या नावानं माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पिवळं कार्ड असेल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल, तर स्टॅम्पही लागत नाही. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. एवढंच मागा : गुजरीजवळची मुतारी पाडण्याच्या ठरावाची प्रत, पर्यायी जागेबद्दलचा पत्रव्यवहार, आणि दुसऱ्या वेगळ्या अर्जात चालू वर्षाच्या बाजार हर्रासाच्या करारनाम्याची प्रत. करारनाम्यात पाणी, सफाई, सावली यांच्या अटी असतात. त्या आजवर बाजारातल्या कोणत्याही बाईनं वाचलेल्या नाहीत, याची मला खात्री आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. घाबरायचं कारण नाही, अपील म्हणजे त्याच इमारतीतल्या वरच्या साहेबाला लिहिलेलं दुसरं पत्र.

आणि बांधू म्हणाले तर आधी तुम्हाला दाखवून बांधायला सांगा. आमच्याकडे बायांच्या मुतारीचं दार पानठेल्याच्या समोर काढलं होतं. नकाशात ते चूक दिसत नाही, बाईला लगेच दिसतं. दाराला आतून कडी, थैली टांगायला खुंटी, दिवा, वरून झाकलेली पाण्याची टाकी, पाळीच्या कापडासाठी झाकणाचा डबा, वयस्क बाईला उठताना धरायला भिंतीला दांडी. बायांना वेळ जास्त लागतो, लुगडं-लेकरू सांभाळायचं असतं, म्हणून जागा पुरुषांपेक्षा जास्त हव्यात. सरकारच्या स्वच्छ भारतच्या शहरी निकषातही बायांना जास्त धरल्या आहेत. आणि या सगळ्याआधी, बाजार उठेपर्यंत तिथं बसणारी, महिन्याचा पगार घेणारी एक बाई. ती नसेल तर बाकीचं तीन महिन्यांत जातं.

तोवर पाणी सोडू नका, ताई. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर जातो. घाम जाऊन लघवी कमी आणि घट्ट होते, ती तुंबवून ठेवली की जंतू वाढतात, मूतखड्यालाही तेच निमित्त होतं. तापासकट जळजळ दोनदा झाली आहे, तर ग्रामीण रुग्णालयात लघवीची तपासणी करून घ्या, सांगितलेल्या गोळ्या पूर्ण घ्या.

प्रश्न : तुमच्या सदरात तुम्ही नेहमी खेड्यावरच्यांची बाजू घेता. माझं चौकात कापडाचं दुकान आहे. समोर मुतारी होती तेव्हा गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून यायचं. ती हटली तेव्हा आम्ही सुटलो. आता पुन्हा बांधायची म्हणतात. दुकानदारानं काय करावं?
— एक व्यापारी, वाशीम जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमचा त्रास खरा होता. पण तो मुतारीचा नव्हता, पाणी नसण्याचा होता. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती फरशीच्या भेगांत साचली की जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, तो डोळ्याला झोंबतो. दिवसातून तीनदा पाण्याचा जोरदार फवारा, फरशीला नीट उतार, नालीच्या तोंडाशी पाणी धरून ठेवणारा ट्रॅप, आणि वर मोकळी जाळी, एवढं असलं तर दहा पावलांवर वास येत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत आमच्या मुतारीच्या चौकात हॉटेल चालायचं, भजी तळली जायची.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. वास मारायला ठेक्याची पोरं ॲसिड ओततात आणि त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकतात. असं कधीही करू देऊ नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत माणूस गुदमरतो. एका पोराला मी स्वतः ओढून बाहेर काढलं आहे. तसंच टाकी भरली की कोणाला आत उतरवायचं नाही, संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून टाकी उपसायची, त्याची तारीख भिंतीवर रंगवून ठेवायची.

तुमचं गिऱ्हाईक कुठून येतं, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. लग्नसराईत बस्ता बांधायला खेड्यावरून सात-आठ बाया येतात आणि चार तास दुकानात बसतात. त्यांतली एक बाई हळूच विचारते, "भाऊ, मागं काही सोय आहे का?" तुमच्या दुकानात हे किती वेळा झालं असेल? व्यापारी संघाच्या बैठकीत मुतारी नको म्हणण्याऐवजी ती कोण धुणार, किती वेळा, पाणी कुठून, हे लेखी मागा. आमच्या गावी दुकानदारांच्या ४० सह्यांनी एक मुतारी पडू शकते, तर तेवढ्याच सह्यांनी एक माणूस नेमला जाऊ शकतो.

प्रश्न : वय ७१. साखर आहे, लघवीला वारंवार जावं लागतं. पेन्शनसाठी तालुक्याला जावंच लागतं. पोरगा म्हणतो, घरीच बसा. मागच्या वेळी स्टँडवर लघवीचेही ५ रुपये घेतले, चिठ्ठी दिली नाही. मी कुठं जावं?
— एक निवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा

उत्तर : गुरुजी, घरी बसू नका. आधी साखर आणि प्रोस्टेट दोन्ही तपासून घ्या, उपचार मिळाला की निम्मा त्रास कमी होतो. स्टँडवर पुन्हा पैसे मागितले तर आधी दर लिहिलेला फलक पाहा. लघवी विनामूल्य लिहिलं असेल तर द्यायचे नाहीत. पैसे घेतलेच तर चिठ्ठी मागा. ती देत नसेल तर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर तक्रार पुस्तक असतं, त्यात वेळ टाकून लिहा. पेट्रोल पंपावर ग्राहकाला हवा, पाणी आणि स्वच्छतागृह मोफत द्यायचं असतं, तेव्हा मुलासोबत गाडीवर असाल तर पेट्रोल तिथेच भरा.

मागच्या सोमवारी मी आमच्या तालुक्याच्या गावात याच कामासाठी पायी फिरलो. मुख्य चौकापासून पावलं मोजली. एस्टी स्टँड ९२० पावलं, ग्रामीण रुग्णालय १,३५० पावलं, तहसील ६४० पावलं, पंचायत समिती ७१० पावलं, पेट्रोल पंप १,६०० च्या वर. चौकात स्वतःचं असं काहीच नाही. तुम्ही तुमच्या गावाची अशी यादी एकदा उन्हं उतरल्यावर करा, एसटीतून उतरल्याबरोबर पहिलं कुठं जायचं ते ठरलेलं असलं की जीव घाबरा होत नाही.

पाचही ठिकाणी पुरुषांची सोय कशीबशी चालू होती. तीन ठिकाणी बायांच्या दाराला कुलूप होतं. दोन ठिकाणी किल्ली कोणाकडे, ते कोणालाच सांगता आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी शिपायाच्या खणात होती, तो जेवायला गेला होता. मी थांबलो. तो आल्यावर त्याच्याशी बोललो, आणि दाराशेजारी एक खिळा ठोकून किल्ली तिथं अडकवायला तो तयार झाला. या सोमवारी पुन्हा जाणार आहे, खिळा आहे का ते पाहायला.